यॉर्क राहू द्या, सागरला चला

"अर्ध्या तासात पोचली म्हणे! लीड्सला गाडीत बसली, हातातली कॉफी संपतेय तोवर यॉर्क." काकूंनी मेंदीच्या कुंपणावरून मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. काकूंची नात तिकडे शिकते. रविवारी मैत्रिणींबरोबर यॉर्कला जाऊन आली आणि सोमवारी सकाळी आमच्या नेपियर टाऊनमधल्या या कुंपणावर तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं.

फोटो छान होते, खोटं कशाला बोलू. ते प्रचंड कॅथेड्रल, त्याला मिन्स्टर म्हणतात. गावाभोवती दगडी तट, त्यावरून माणसं हिंडतायत. एक अरुंद गल्ली, वरची लाकडी घरं एकमेकांवर ओणवी झालेली.

"ही गल्ली कसली गं?" काकूंनी विचारलं.

"शॅम्बल्स. पूर्वी खाटिकांची होती."

"शी!" म्हणत काकूंनी फोटो पुढे सरकवला. पुढे रेल्वेचं म्युझियम. निळं, पुढून निमुळतं इंजिन. ते मी ओळखलं, कारण आमचे हे रेल्वेत होते आणि आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल इंजिनांनाच मान असे. 'मॅलार्ड' नाव त्याचं. 1938 मध्ये ताशी 126 मैल धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

"बघ," काकू म्हणाल्या, "याला म्हणतात ट्रिप. सकाळी जा, इतिहास बघ, रात्री घरी जेवायला हजर. आपल्याकडे आहे असं काही? आणि भेडाघाट सांगू नकोस. तिथे पाहुणा आला की जावंच लागतं, त्याला ट्रिप नाही म्हणत."

"आहे की. सागर."

काकूंनी नाक असं मुरडलं की दोडक्याच्या वेलावरची चिमणी उडाली. "सागर? तिथे युनिव्हर्सिटी सोडून काय आहे बाप्पा?"

आता सांगते, मला हे ऐकून राग आला नाही, पण गंमत वाटली. काकूंचं घराणं नागपूरचं, भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेलं. हे त्या दर गणपतीत एकदा तरी सांगतात. जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांची समजूत हीच, की आपण सगळे नागपूरहून आलो, आधी भोसल्यांबरोबर, नंतर इंग्रजांच्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत. भोसले आले हे खरंच. पण ते 1798 मध्ये. त्याआधी सतरा वर्षं हे गाव मराठ्यांच्याच ताब्यात होतं, आणि ते मराठे सागरचे.

"काय सांगतेस!" काकूंनी मोबाईल खाली केला.

सांगते काय, गॅझेटिअरात आहे. 1781 मध्ये सागरच्या पंडितांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य जिंकलं आणि कारभाराचं ठाणं म्हणून जबलपूर निवडलं. तोवर नाव होतं ते गढ्याचं. मदनमहाल, राणी दुर्गावती, सगळं तिकडचं. आज आपण महाकोशलची राजधानी म्हणून मिरवतो ना, त्याची सुरुवात एका मराठी कारभाऱ्याने ठाणं बदललं तिथून झाली.

"मग एवढं सगळं आहे तर बसने जाऊ की. दमोहवरून रस्ता सरळ आहे." काकूंचं डोकं व्यवहारात पक्कं.

रस्ता सरळ आहे, कबूल. रूळच वाकडे आहेत. जबलपूरहून दमोहला थेट रेल्वेलाईन नाही. आधी नव्वद किलोमीटर वर कटनीला जायचं, तिथून सरळ पश्चिमेला वळून दमोह, मग सागर. हा सगळा द्राविडी प्राणायाम. पण बसमध्ये डबा उघडून खाता येतो का? पाय मोकळे करता येतात का? आणि समोरच्या बाईची सून काय करते हे बसमध्ये कळतं का? या शेवटच्या मुद्द्यावर काकू लगेच राजी झाल्या.

शिवाय आपण रेल्वेच्या गावचे. मुंबईहून आलेली जी.आय.पी. आणि कलकत्त्याहून आलेली ईस्ट इंडियन, या दोन रेल्वे 1870 च्या मार्चमध्ये जुळल्या त्या इथे, जबलपुरात. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. मुंबईहून कलकत्त्याला सलग गाडीने जाता येऊ लागलं ते तेव्हापासून. यॉर्कच्या म्युझियमचं कौतुक करा, पण आपल्या स्टेशनाकडे पाहून नाक दाबू नका.

तर स्टेशन. जाताना मालगोदाम चौकात राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह यांचं स्मारक लागतं. बाप-लेकांना 18 सप्टेंबर 1857 ला इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. हे त्याच गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले. हे ध्यानात ठेवा काकू, पुढे लागणार आहे.

आम्ही गेलो होतो मागच्या हिवाळ्यात. हे, मी आणि माझी नणंद. उजाडायच्या आत निघालो. गाडी आधारताल सोडून देवरी, गोसलपूर करत जाते. सिहोऱ्याच्या थोडं अलीकडे ती कर्कवृत्त ओलांडते. यांनी ते एवढ्या थाटात जाहीर केलं की समोरचे गृहस्थ खिडकीतून वाकून रेघ शोधू लागले.

मग येतं स्लीमनाबाद. ठगांचा बंदोबस्त करणारा तो कर्नल स्लीमन, त्याच्या नावाचं. ठगांना पकडायचा सगळा कारखाना त्याने जबलपुरातूनच चालवला. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी 1837 मध्ये इथे उद्योगशाळाही काढली. रुमालाने गळे आवळणारे हात तिथे तंबू शिवायला आणि सतरंज्या विणायला बसवले. नणंद म्हणाली, "म्हणजे तेव्हाच्या सतरंज्या मजबूत असणार!" गाठीचा अनुभव दांडगा, अजून काय.

"आणि कटनी?" काकूंनी विचारलं.

कटनीची गंमत वेगळीच आहे. त्या गावात स्टेशनं किती ते कटनीवाल्यालाच विचारावं. कटनी जंक्शन, कटनी साउथ, कटनी मुडवारा. सागरकडची गाडी धरायची ती मुडवाऱ्याहून. आमचं तिकीट मुडवाऱ्याचं असूनही यांनी जंक्शनला उतरायचा हट्ट धरला, का तर 'तिथे चहा चांगला मिळतो'. मग ऑटो करून मुडवाऱ्याला धावाधाव. चहाचे दहा रुपये, ऑटोचे किती ते मी सांगत नाही, कारण हे आत्ता व्हरांड्यात बसून पेपर वाचत असल्याचं नाटक करतायत.

पुढे रिठी, सलैया आणि मग बांदकपूर. इथे अर्धा डबा उतरतो. जागेश्वरनाथ महादेवाचं मोठं स्थान आहे. ते देऊळ चांदोरकर दिवाणांनी बांधलं असं तिथले लोक सांगतात. महाशिवरात्रीला कावडी घेऊन इतकी माणसं येतात की पाय ठेवायला जागा राहत नाही. चांदोरकर नाव ऐकलं आणि नणंदेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू देऊळ मी बांधलं.

"अगं पण हे मराठी लोक इतक्या लांब आले कशाला?" काकूंनी प्रश्न टाकला, आणि तो बरोबर होता.

आले मस्तानीमुळे म्हणा हवं तर. सिनेमात पाहिलंत ना तुम्ही, दीपिका तलवार घेऊन येते ते. सिनेमात काय खरं काय खोटं तो वेगळा विषय. पण 1729 मध्ये पहिला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेला आणि त्याने म्हाताऱ्या छत्रसालाला बंगशाच्या कचाट्यातून सोडवलं, हे खरं. छत्रसालाने त्याला मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला. 1731 मध्ये छत्रसाल गेले. मग हिस्सा सांभाळायला, म्हणजे त्याचा वसूल गोळा करायला, माणूस हवा. तो माणूस गोविंद बल्लाळ खेर. रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचा कुळकर्णी. बुंदेलखंडात इतका रुळला की लोक त्याला गोविंदपंत बुंदेले म्हणू लागले. त्याने ठाणं केलं सागरला.

"कोकणातला माणूस बुंदेलखंडात! भात मिळत असेल का तिथे त्याला?"

काकू, इतिहासाच्या पुस्तकात भाताचं लिहीत नाहीत हीच तर अडचण आहे. पण पानिपतात भात की पोळी, काहीच मिळेना ते पंतांच्या मृत्यूनंतर. भाऊसाहेब पेशवे पानिपतावर अडकले तेव्हा गोविंदपंतांना काम सोपवलं होतं, अंतर्वेदीत फिरायचं, अब्दालीची रसद तोडायची आणि आपल्या फौजेला पैसा-धान्य पोचवायचं. वय झालेलं, अंग स्थूल, हिशेबाचा माणूस. 1760 च्या डिसेंबरात दिल्लीच्या बाजूला अब्दालीच्या स्वारांनी त्यांना बेसावध गाठून मारलं. शीर कापून अब्दालीकडे नेलं. महिना भरत नाही तोच 14 जानेवारी उजाडली. पुढचं आपण शाळेत पाठ केलंय.

काकू गप्प झाल्या. कुंपणाला हात लावून उभ्या राहिल्या. त्या इतिहास शिकवत होत्या, महाराष्ट्र शाळेत. पानिपत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. पंतांचं शीर त्यांना ठाऊक होतं. पंत इथून, आपल्या शेजारच्या गावातून गेले होते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सागर स्टेशनला उतरलात की ऑटोवाल्याला तीन बत्ती सांगायचं. कटरा बाजारातून उतरत उतरत जा की समोर तळं. नाव लाखा बंजारा तळं. खूप मोठं आहे, पूर्वी याहूनही मोठं होतं, काठाकाठाने वस्तीने खाऊन टाकलं. आता स्मार्ट सिटीवाल्यांनी गाळ काढला, आणि तळ्यावरून खांबांवर उचललेला रस्ता नेलाय. तो रस्ता मला आवडला नाही. तळं बघायला जावं तर आधी खांब दिसतात. पण चकराघाटावर उभं राहिलं, घाटाच्या पायऱ्या, देवळं आणि पलीकडे किल्ल्याचे बुरूज एका नजरेत आले की खांब विसरतो माणूस.

तळ्याची गोष्ट सांगतात. लाखा नावाच्या बंजाऱ्याने तळं खणलं, पाणी काही लागेना. मग कुणी सांगितलं की मुलगा आणि सुनेला झुल्यात बसवून तळ्याच्या मधोमध ठेव. ठेवलं, आणि पाणी आलं.

"सुनेला?" काकूंचा आवाज चढला.

"मुलगाही होता."

"होता असेल. पण बोलावलं असेल सुनेलाच आधी." आणि याच्यावर आमचं दोघींचं, सासवा असूनही, पूर्ण एकमत झालं. हो, दोघीही सासू आहोत, पण सून आधी होतो.

किल्ला आधी लहान होता. 1660 मध्ये उदनशाह नावाच्या दांगी राजाने बांधला आणि शेजारी परकोटा गाव वसवलं. आजही सागरच्या त्या मोहल्ल्याचं नाव परकोटाच. मराठ्यांनी पुढे तो वाढवला. आत पोलीस अकादमी आहे. 1906 पासून तिथे पोलीस अधिकारी घडवतात. त्यामुळे यॉर्कसारखं तटावरून हिंडता येत नाही. आम्ही फाटकाशी विचारलं, तिथल्या शिपायाने अदबीने नाही म्हटलं. यांनी आपण रेल्वेतून निवृत्त असल्याचं सांगून पाहिलं. त्याने आणखी अदबीने नाही म्हटलं.

याच किल्ल्यात 1857 मध्ये इंग्रज बायकापोरांसह महिनोन् महिने दडून बसले होते. 3 फेब्रुवारी 1858 ला सर ह्यू रोज आला तेव्हा सुटले. तोच रोज इथून पुढे झाशीवर गेला. म्हणजे लक्ष्मीबाईंवर चालून जायची वाट सागरवरून होती.

"आता ते गोंड राजांचं सांग. मघाशी म्हणालीस ना, ध्यानात ठेव." मास्तरीणबाईच त्या, काही निसटू देत नाहीत.

खुरई सागरच्या पुढे, बीनाच्या वाटेवर. तिथेही किल्ला आहे. सागरकरांनी मंडला घेतलं तेव्हा तिथले शेवटचे गोंड राजे नरहर शाह. त्यांना पकडून खुरईच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथेच 1789 मध्ये ते गेले. ज्या राणी दुर्गावतीचं नाव आपण जबलपूरच्या विद्यापीठाला दिलं, तिचं राज्य असं संपलं. मोगलांनी घायाळ केलं होतं, बाळाजी बाजीरावाच्या स्वारीने 1742 मध्ये मंडल्यात राजाच मारला होता, आणि शेवटचा घाव घातला आपल्या पंडितांनी.

"आपल्या म्हणू नकोस. आम्ही नागपूरचे."

"1798 नंतर भोसल्यांनी काय दिवे लावले काकू? वसूल तोच, वसूल करणारे बदलले."

काकूंना हे आवडलं नाही. पण त्यांनी वाद घातला नाही, कारण त्यांना ठाऊक आहे. खरं म्हणजे या ट्रिपमध्ये मला जे वाटलं ते हेच. मराठी माणूस सागरला जातो तो 'आपलं राज्य होतं' म्हणून छाती फुगवायला. जावं, छाती फुगवावी, गोविंदपंतांसारखा माणूस कुणाला मिळतो. पण खुरईही बघावी. आपण इथे तीर्थयात्रेला आलो नव्हतो, सारा गोळा करायला आलो होतो. त्यातल्या काहींनी देवळं बांधली, काहींनी कवी पोसले. पद्माकर, हिंदीतला एवढा मोठा कवी, सागरच्या रघुनाथरावांच्या आश्रयाला होता. पण ज्याचा राजा तुरुंगात मेला त्या गोंडाला पद्माकराचं काय कौतुक? चौकातल्या त्या बाप-लेकाच्या स्मारकाला हार घालताना इंग्रजांच्या नावाने बोटं मोडतो आपण, ते ठीकच. मधल्या मुक्कामावर आपलंही नाव आहे, एवढं लक्षात असावं.

रघुनाथराव 1802 मध्ये निपुत्रिक गेले. मग त्यांच्या विधवांच्या नावाने विनायकराव कारभारी राज्य हाकत होते, आणि पेंढारी येऊन जाऊन गाव लुटत होते. 1818 मध्ये कंपनीने सागर घेतलं, तेव्हा लढाईची वेळच आली नाही. विधवांना पेन्शन, गावाला कलेक्टर. इतकं झटपट आटोपलं सगळं.

इंग्रजांनी एक काम मात्र बघण्यासारखं केलं. सागरला टाकसाळ होती, तिचा प्रमुख कॅप्टन प्रेसग्रेव्ह. त्याने 1830 च्या सुमारास बेवस नदीवर लोखंडी झुलता पूल बांधला. लोखंड विलायतेहून आणलं नाही, याच भागातल्या खाणीचं, इथल्याच लोहारांनी गाळलेलं. यॉर्कच्या म्युझियममध्ये आपल्या लोहारांचं नाव नसेल काकू, पण काम कमी नव्हतं.

"बरं, आणि युनिव्हर्सिटी?"

युनिव्हर्सिटी टेकडीवर. डॉ. हरिसिंग गौर, सागरचाच मुलगा, बॅरिस्टर झाला, दिल्ली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला आणि म्हातारपणी आयुष्याची कमाई ओतून 1946 मध्ये गावात विद्यापीठ उभं केलं. पुढे ते केंद्रीय झालं. आपला भंवरतालच्या झाडाखाली बसणारा रजनीश तिथूनच एम.ए. होऊन इथे शिकवायला आला होता. ते सांगितल्यावर काकूंनी विषय झटकन बदलला. त्यांच्या धाकट्या दिरांनी तरुणपणी भगवी कफनी घातली होती, ती गोष्ट या कुंपणावर आजवर निघालेली नाही.

"खायला काय मिळतं?" हा खरा प्रश्न शेवटी आला.

चारोळीची बर्फी. तिकडे चिरौंजीची म्हणतात. सागरच्या जंगलातली चारोळी, भरपूर, दाताखाली येते. आपल्या बडकुलच्या खोव्याच्या जिलबीवर माझी निष्ठा आहे, पण ही बर्फी तिच्या मांडीला मांडी लावून बसेल. पाव किलोच आणली मी. महाग आहे म्हणून, पण चूकच झाली. त्यातली अर्धी परतीच्या गाडीत, दमोहच्या अलीकडे, यांच्या आणि समोरच्या बाईच्या मुलाच्या पोटात गेली.

"आणि परत?"

संध्याकाळची गाडी, रात्री उशिरा जबलपूर. कटनीला या वेळी मुडवाऱ्यालाच उतरलो. काकू, यॉर्कला अर्ध्या तासात जाता येतं, सागरला अर्धा दिवस जातो. नातीला सांगा, तिकडे रेल्वे चांगली, इथे गप्पा चांगल्या.

काकूंनी मोबाईल उघडला. मला वाटलं पुन्हा यॉर्क. पण त्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर काहीतरी टाइप करत होत्या. मला दाखवलं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर आलं, सहल सागरला, डबा ज्याने त्याने आणावा.

तर जबलपूरकर मंडळी, भेडाघाट आता पुरे झाला. थंडी सुरू झाली की सागरचं तिकीट काढा. कटनीत मुडवाऱ्यालाच उतरा, किल्ल्याच्या आत जायचं असेल तर आधी अर्ज करा, एक दिवस हाताशी असेल तर खुरईही धरा. आणि बर्फी किलोभर तरी आणा, निम्मी गाडीत संपते.